जेकबांच्या गोव्यातला भारत-पाक सामना

शेजाऱ्यांची मैदाने : लेखांक ५

होंडुरास आणि एल साल्वाडोर यांच्या, फुटबॉल सामन्यांच्या निमित्ताने भडकलेल्या १९६९च्या लढाईवरचा मागचा लेखांक वाचून पुनावळ्याच्या एका वाचकाने विचारले आहे : असले काही आपल्या आसपास कधी घडले का? अगदी हाकेच्या अंतरावरचेच हवे असेल, तर वाकडचा ट्रॅफिक ओलांडून बालेवाडीला जा. म्यानमारमधल्या लष्करी उठावाला वर्ष होत आले असताना, जानेवारी २०२२मध्ये, तिथल्या मुली फुटबॉलच्या महिला आशियाई करंडकासाठी जपान आणि दक्षिण कोरियाशी बालेवाडीत खेळल्या. त्यावर पुढे स्वतंत्र लिहीन. आज मडगावची गोष्ट, कारण ती जास्त चमत्कारिक आहे.

१९९९चा एप्रिल. १७ तारखेला वाजपेयींचे सरकार लोकसभेत एका मताने पडले. गोव्यात फेब्रुवारीपासूनच राष्ट्रपती राजवट. म्हणजे दिल्लीत काळजीवाहू सरकार आणि पणजीत राज्यपालांचा कारभार. अशा दिवसांत २२ एप्रिलला मडगावमधल्या फातोर्ड्याच्या नेहरू स्टेडियमवर दक्षिण आशियाई फुटबॉल महासंघाची, म्हणजे सॅफची, स्पर्धा सुरू झाली. सहा देश, दोन गट. मालदीव, नेपाळ आणि श्रीलंका एकीकडे. भारत, पाकिस्तान आणि बांगलादेश दुसरीकडे.

त्या वेळी गोव्याचे राज्यपाल कोण होते, हे सांगितल्यावाचून मला राहवत नाही. लेफ्टनंट जनरल जे. एफ. आर. जेकब! डिसेंबर १९७१मध्ये ढाक्याला जाऊन पाकिस्तानच्या जनरल नियाझींच्या गळी शरणागतीच्या अटी उतरवणारे तेच. ज्या युद्धातून बांगलादेश जन्मला, त्यातले तिन्ही देश सत्तावीस वर्षांनी एका गटात खेळत होते आणि यजमान राज्याची सूत्रे जेकबांच्या हाती होती. कादंबरीत कोणी असे लिहिले असते, तर संपादकाने 'फारच जुळवून आणलेले' म्हणून खोडले असते.

भारताने पाकिस्तानला २-० असे हरवले. पाकिस्तान गटातच बाद झाला. १ मे रोजी अंतिम सामन्यात बांगलादेशविरुद्ध गोव्याचा ब्रुनो कुतिन्हो आणि बायचुंग भुतिया यांनी एकेक गोल केला आणि करंडक भारताकडेच राहिला. दोनच दिवसांनी, ३ मे रोजी, कारगिलच्या डोंगरात घुसखोर दिसल्याची खबर मेंढपाळांनी लष्कराला दिली. पुढचे सगळ्यांना ठाऊक आहे.

आता याच वर्षीचे क्रिकेट पाहा. जानेवारीत पाकिस्तानचा संघ यायच्या आधीच शिवसैनिकांनी दिल्लीत फिरोजशाह कोटलाची खेळपट्टी उखडली. वानखेडेवर तो प्रयोग १९९१मध्येच झाला होता. फेब्रुवारीत ईडन गार्डन्सवर दंगा होऊन प्रेक्षकांना बाहेर काढावे लागले आणि कसोटी रिकाम्या स्टेडियमवर संपली. तारीख २० फेब्रुवारी. त्याच दिवशी वाजपेयी बसने लाहोरला गेले होते.

मग फातोर्ड्यात फावडे घेऊन कोणी का गेले नाही? गोवेकर समंजस, हे उत्तर गोड आहे. मला मात्र ते पुरेसे वाटत नाही. फुटबॉलकडे देशाचे लक्षच नव्हते, हे खरे कारण. खेळपट्टी उखडली जाते ती बातमी होण्यासाठी, आणि बातमी क्रिकेटची होते. मुंबईच्या बॉम्बस्फोटांना जेमतेम चार महिने झाले असताना, जुलै १९९३मध्ये, भारतीय फुटबॉल संघ लाहोरला जाऊन सार्क सुवर्णचषक जिंकून आला. क्रिकेट संघाबाबत त्या वर्षी असे काही सुचवायची तरी कोणाची हिंमत झाली असती का?

दुसरे कारण नियमांत आहे. दोन देशांमधली मालिका एका फोनवर रद्द होते. तिथे कोणाला जाब द्यावा लागत नाही. अनेक देशांची स्पर्धा भरवायची, तर पात्र ठरलेल्या प्रत्येक संघाला येऊ द्यावे लागते. शिवाय फुटबॉल संघटनेत सरकारने ढवळाढवळ केली, तर फिफा त्या देशाला निलंबित करू शकते. ऑगस्ट २०२५मध्ये आपल्या क्रीडा मंत्रालयाने जाहीर केलेले धोरणही याच भेदावर उभे आहे : पाकिस्तानशी द्विपक्षीय सामने नाहीत, बहुदेशीय स्पर्धांना आडकाठी नाही.

अर्थात नियम दार उघडतो, व्हिसाचा शिक्का वेळेवर मारत नाही. २०२३च्या बंगळुरूच्या सॅफ स्पर्धेसाठी पाकिस्तानचा संघ सामन्याच्या दिवशीच शहरात उतरला आणि संध्याकाळी सुनील छेत्रीने तीन गोल करून त्याला ४-० असे लोळवले. विजयाचा आनंद आहेच. पण प्रवासाने आंबलेल्या संघावरच्या त्या विजयाला मी १९९९च्या २-०पेक्षा खालची पायरी देईन.

१९९९ची ती स्पर्धा फातोर्ड्यात प्रत्यक्ष पाहिलेले कोणी वाचक असतील, तर त्यांनी जरूर लिहावे. पाकिस्तानच्या सामन्याला गर्दी किती होती आणि टाळ्या कोणासाठी वाजल्या, एवढे कळवले तरी पुरे.