‘सँक्शन’ : मंजुरी की निर्बंध?

कर्ज ‘सँक्शन’ झाले की घरात पेढे येतात. इराणवर ‘सँक्शन’ लागले की पेट्रोलच्या भावाची चिंता सुरू होते. शब्द एकच, पण अर्थ परस्परविरोधी. इंग्रजी बातमीचे भाषांतर करताना नवखा उपसंपादक येथे हमखास अडखळतो.

या शब्दाचे मूळ लॅटिन आहे. एखादी गोष्ट पवित्र ठरवणे, आज्ञेने कायम करणे, हा त्या मूळ क्रियापदाचा अर्थ. ‘सेंट’ हा शब्दही त्याच कुळातला. सत्तेची मोहोर उमटली की कृतीला मान्यता मिळे. त्यातून संमतीचा अर्थ आला. मात्र कायदा म्हटला की तो मोडणाऱ्यास दंड आलाच. त्या दंडालाही हेच नाव पडले. अबिसीनियावर आक्रमण करणाऱ्या इटलीवर राष्ट्रसंघाने १९३५ मध्ये आर्थिक निर्बंध लादले, ते ‘सँक्शन्स’ या नावानेच. पोखरणच्या अणुचाचण्यांनंतर १९९८ मध्ये अमेरिकेने भारतावर लादलेले निर्बंधही तेच.

अनेकवचन दिसले की बहुधा निर्बंध समजावेत. विशेषण मात्र फसवे असते. ‘सँक्शन्ड पोस्ट’ म्हणजे मंजूर पद, तर परदेशी बातमीतील ‘सँक्शन्ड बँक’ म्हणजे निर्बंध लादलेली बँक!

मराठी घरांत या शब्दाची खरी गफलत होते ती गृहकर्जात. ‘लोन सँक्शन झाले’ याचा अर्थ अनेकजण ‘पैसे मिळाले’ असा घेतात आणि उत्साहात बिल्डरला मोठी रक्कम देऊन मोकळे होतात. वास्तविक ती केवळ सशर्त मंजुरी असते. मालकीहक्काच्या कागदपत्रांची छाननी, मालमत्तेचे मूल्यांकन, कर्जदाराने स्वतःचा हिस्सा भरणे, हे सारे बहुधा व्हायचेच असते. एखाद्या कागदात खोट निघाली तर मंजुरीपत्र हातात असूनही पैसा मिळत नाही. प्रत्यक्ष रक्कम हाती पडण्याला ‘डिस्बर्समेंट’ म्हणतात. बांधकाम चालू असलेल्या इमारतीत ती सहसा टप्प्याटप्प्याने मिळते. २०१६ च्या ‘रेरा’ कायद्यानुसार नोंदणीकृत करार होण्याआधी विकासकाला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, हेही या घाईत विसरले जाते.

मंजुरीपत्राला मुदतही असते. ती उलटल्यावर बँक अर्जदाराचे उत्पन्न पुन्हा तपासू शकते, व्याजाचा दरही बदलू शकते. पेढे आणण्यापूर्वी पत्रावरील ही तारीख आणि अटींचे पान तेवढे वाचावे.