सिस्टरांच्या पगारावर टॅक्स कसा?

अनुदानित शाळेत शिकवणाऱ्या सिस्टरांनी दारिद्र्याचं व्रत घेतलेलं असतं. पगार सगळा संघाकडे जातो, स्वतःकडे एक रुपयाही ठेवत नाहीत. मग टॅक्स कोणाला?

१९४४ च्या सरकारी परिपत्रकाचा आधार घेऊन बरीच वर्षं टीडीएस कापला जात नव्हता. २०१४ च्या शेवटी कापणं सुरू झालं. तमिळनाडू आणि केरळमधून प्रकरण सुप्रीम कोर्टात पोचलं. ७ नोव्हेंबर २०२४ ला निकाल लागला, कपात कायम!

कारण साधं आहे. पगार शिक्षिकेच्या नावाने निघतो, म्हणजे उत्पन्न तिचंच. ती तो पुढे कोणाला देते, हा नंतरचा भाग. व्रत चर्चच्या कायद्यात आहे, आयकर कायद्यात नाही. फादरांनाही हेच लागू.

तेव्हा सिस्टर, रिटर्न नक्की भरा. टीडीएस जास्त कापला असेल, तर रिफंड त्यातूनच मिळतो.