ज्याला जमीनच नाही असा ग्रह

जळकोट तालुक्यातल्या मुलांना गुरू आणि शनी ही नावं शाळेत जाण्याआधीच भेटलेली असतात. घरात कुणाच्या लग्नासाठी गुरुबळ पाहिलेलं असतं, कुणाची साडेसाती चालू असते, शनिवारी मारुतीला तेल वाहिलं जातं. पुढे विज्ञानाच्या तासाला हेच दोघं तक्त्यावरची रंगीत चित्रं होऊन येतात आणि घरातला शनी वेगळा, पुस्तकातला वेगळा, असं मुलांच्या मनात बसून जातं. वायुरूप ग्रहांची ओळख करून देताना आधी हे दोन शनी एक आहेत, हे मुलांना दिसायला हवं. त्यासाठी तक्ता नंतर, आभाळ आधी.

आभाळाच्या बाबतीत हा तालुका भाग्यवान आहे. बालाघाटाच्या या डोंगराळ पट्ट्यात मोठ्या शहराचा उजेड नाही. पाऊस सरला की गावाबाहेरच्या माळावर दहा मिनिटं डोळे अंधाराला सरावू द्यावेत. गुरू ओळखणं सोपं आहे. शुक्र त्याच्याहून तेजस्वी, पण तो संध्याकाळी पश्चिमेला किंवा पहाटे पूर्वेलाच दिसतो. मध्यरात्री माथ्यावर कधी येत नाही. गुरू येतो. मध्यरात्री उंच आभाळात न लुकलुकणारा, पांढरट, ठळक ठिपका दिसला तर तो बहुतेक गुरूच. शनी त्यापेक्षा मंद आणि पिवळसर असतो. कोणत्या महिन्यात कोण कुठे आहे, हे पंचांगात पाहावं. पंचांगातली ग्रहांची जागा गणितानं काढलेली असते आणि ती मुलांना स्वतः आभाळात पडताळता येते.

आता मुलांना वहीत गुरूजवळचे तारे काढायला सांगा. महिन्यानं पुन्हा काढायला सांगा. ग्रह ताऱ्यांमधून सरकतो, हे त्यांच्याच चित्रात दिसेल. गुरू साधारण वर्षात एक रास ओलांडतो, म्हणजे पूर्ण फेरीला जवळजवळ १२ वर्षं. नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ २००३ ला झाला, २०१५ ला झाला, त्यानंतरचा २०२६-२७ चा. कारण गुरू सिंह राशीत परत यायला तेवढा वेळ लागतो. नांदेडच्या घाटांवर गोदावरी पुष्कराचं स्नान होतं, तेही याच हिशेबानं. शनीला एका राशीला अडीच वर्षं लागतात. आपली रास, तिच्या मागची आणि पुढची, अशा तीन राशी ओलांडायला साडेसात वर्षं: हीच साडेसाती. पूर्ण फेरी साडेएकोणतीस वर्षांची. सहावीतल्या मुलानं जन्मल्यापासून गुरूची एक फेरी नुकतीच पाहिलेली असते, साठीतल्या आजीनं शनीच्या दोन.

शनीची भीती बाळगणाऱ्या मुलाला हे सांगावं: तो सूर्याभोवती आपल्या वाटेनं फिरतो आहे, आपल्या सर्वांत जवळ येतो तेव्हाही सुमारे १२० कोटी किलोमीटर दूर असतो, आणि तिथून निघालेल्या उजेडाला आपल्यापर्यंत यायला तासाहून जास्त वेळ लागतो. त्याच्यामुळे कुणी परीक्षेत नापास होत नाही. आजीशी वाद घालायची गरज नाही. तिला माळावर सोबत न्यावं. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी एकोणिसाव्या शतकात 'ज्योतिर्विलास' लिहून मराठी वाचकाला आभाळ दाखवलं. ते शिक्षक होते आणि पंचांगाचं गणित कोळून प्यालेले होते. घरातल्या ज्ञानाला धरून पुढे जायची ती वाट आजही चांगली आहे.

शनी इतका सावकाश का, हा प्रश्न मुलं विचारतीलच. त्याची वाट लांब आहे हे एक. दुसरं, सूर्यापासून दूर गेल्यावर सूर्याची ओढ कमी पडते आणि ग्रहाची चालही मंदावते. पृथ्वी सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर पळते, गुरू १३, शनी १० पेक्षाही थोडा कमी.

तक्त्यावर सगळे ग्रह शेजारी शेजारी चिकटवलेले असतात, त्यातून अंतराचा अंदाज येत नाही. म्हणून एक सकाळ चालण्यात घालवावी. पृथ्वी म्हणजे ४ मिलिमीटरचा ज्वारीचा दाणा धरा. मग सूर्य शाळेच्या भिंतीवर खडूनं काढलेलं ४४ सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ होईल. भिंतीपासून ४७ मीटरवर दाणा ठेवा. गुरूसाठी साडेचार सेंटिमीटरचं लिंबू घ्या आणि ते सुमारे २४५ मीटरवर न्या. शनीसाठी जरा लहान लिंबू, ४५० मीटरवर. त्याला पुठ्ठ्याचं कडं लावा, बाहेरचा व्यास साडेआठ सेंटिमीटर, आणि कडं लिंबाला टेकू देऊ नका. युरेनस आणि नेपच्यून म्हणजे दोन गोट्या: एक ९०० मीटरवर, दुसरी १,४०० मीटरवर. (पंचांगात युरेनसला हर्षल म्हणतात, १७८१ मध्ये तो शोधणाऱ्या हर्शेलवरून.) उदगीर रस्त्याच्या रहदारीत जाऊ नये, शिवारातली पाणंद बरी. शेवटच्या गोटीपाशी पोचल्यावर मुलांना मागे वळून शाळा शोधायला सांगा.

आता सगळ्यात अवघड भाग. 'गुरू वायूचा आहे' म्हटलं की मुलांना तो धुरासारखा वाटतो, यानानं आरपार जावं असा. तसं नाही. गुरूचं वस्तुमान ३१८ पृथ्व्यांएवढं आहे. तो मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियमचा बनलेला आहे, पण एवढ्या साऱ्या वायूचं वजन खालच्या थरांवर पडतं. दाबानं काय होतं ते दाखवायला पारदर्शक लायटर पुरतो. शिक्षकांनीच हातात धरावा, पेटवू नये. आत हलताना दिसतो तो द्रव, पण बाहेर सुटला की तोच वायू. आत दाब आहे म्हणून तो द्रव राहिला. फरक एवढाच की लायटरमध्ये द्रवाचा पृष्ठभाग स्पष्ट दिसतो. गुरूवर तसा काठ कुठेच नाही. खाली जावं तसा हायड्रोजन दाट होत जातो, द्रवासारखा होतो, आणखी खोलवर धातूसारखा वीज वाहू लागतो. कुठे वायू संपला आणि कुठे द्रव सुरू झाला, तिथे बोट ठेवता येत नाही. आपल्याला दिसतात ते वरचे ढग. पाय टेकायला जमीन नाही.

७ डिसेंबर १९९५ ला गॅलिलिओ यानानं सोडलेली एक छोटी कुपी गुरूच्या ढगांत शिरली. ती तासाभराच्या आतच गप्प झाली. तेव्हा ती ढगांमधून सुमारे दीडशे किलोमीटरच खाली गेली होती आणि दाब पृथ्वीवरच्या हवेच्या वीसपटींवर गेला होता. गुरूची त्रिज्या सुमारे ७० हजार किलोमीटर आहे, हे आकडे मुलांनीच फळ्यावर एकाखाली एक लिहावेत.

युरेनस आणि नेपच्यून यांना गुरू-शनीच्या ओळीत बसवताना थोडं जपावं. त्यांच्यात हायड्रोजन, हेलियम आहेच, पण पोटात पाणी, अमोनिया, मिथेन यांचा वाटा मोठा. म्हणून शास्त्रज्ञ त्यांना बर्फाळ महाग्रह म्हणतात. त्यांच्याजवळ आजवर एकच यान गेलं, व्हॉयेजर-२: १९८६ ला युरेनसजवळून, १९८९ ला नेपच्यूनजवळून.

हे चौघं दूरवरच एवढे मोठे का झाले? सूर्य नवा असताना त्याच्या जवळ उष्णता होती, तिथे दगड आणि धातूच घट्ट राहिले. दूरच्या गारठ्यात पाण्याचा बर्फही टिकला, गोळे मोठे झाले आणि त्यांनी भोवतालचा वायू ओढून घेतला.

दुर्बीण मिळाली तर उत्तम. साध्या १०x५० द्विनेत्रीतूनही, हात भिंतीला टेकवून स्थिर धरली, तर गुरूशेजारी एका रेषेत तीन-चार ठिपके दिसतात. गॅलिलिओनं जानेवारी १६१० मध्ये पाहिलेले चंद्र हेच. रोज एकाच वेळी त्यांचं चित्र काढलं की जागा बदललेल्या दिसतात. त्यांतला सगळ्यांत आतला आयो दोन दिवसांच्या आतच फेरी पूर्ण करतो. शनीच्या कड्यांना मात्र पंचवीस-तीस पट मोठं दाखवणारी दुर्बीण लागते. कडी बर्फाच्या तुकड्यांची आहेत, लाखो किलोमीटर रुंद पसरलेली पण जाडी बहुतेक ठिकाणी काही दहा मीटर. म्हणूनच २०२५ मध्ये ती आपल्याकडे काठानं वळली तेव्हा जवळजवळ दिसेनाशी झाली. आता ती वर्षागणिक उघडत जातील आणि २०३२ मध्ये सर्वाधिक कललेली दिसतील. आज तिसरी-चौथीत असलेल्या मुलांनी दरवर्षी शनीचं एक चित्र काढून तारीख घालून ठेवलं, तर दहावीपर्यंत कडी रुंदावत गेल्याची नोंद त्यांच्याच हातची असेल.