गेज आणि प्रमाण

इंग्लंडात जुन्या मालाच्या बाजारातून, बेताच्या खर्चात, नमुना-रेल्वेच्या वाघिणी (मालाचे डबे) जमविणारे नवखे हौशी लोक गेज (दोन रुळांमधील अंतर) आणि प्रमाण (मूळ वस्तूच्या मानाने प्रतिकृतीचा आकार) ही एकच बाब समजतात. आणि ब्रिटिश ‘ओओ’ व युरोपीय ‘एचओ’ या दोन्ही प्रकारच्या नमुना-गाड्या १६.५ मिलिमीटर गेजच्याच रुळांवर धावत असल्यामुळे तसा समज होणे स्वाभाविकही आहे. परंतु एकाच मापाचा जोडा घालणारे दोघे भाऊ सारख्याच उंचीचे असतात असे नाही: ओओचे प्रमाण सुमारे १:७६, एचओचे १:८७, त्यामुळे दोन्हींच्या वाघिणी शेजारी उभ्या केल्या की दुसरी ठेंगणी दिसते. जुनी वाघीण घेताना उडालेला रंग क्षम्य आहे, किंबहुना किफायतीचाच. मात्र हॉर्नबी डब्लो या ब्रिटिश नमुना-रेल्वेच्या तीन रुळी काळातील धातूची चाके विद्युत्-रोधित नसल्याने दोन रुळी मार्गावर शॉर्टसर्किट करतात. तेव्हा पैसे मोजण्यापूर्वी वाघीण उलटी करून चाके अवश्य पाहावीत.