शंभर आणि चार : एकशेचार की चारशे?

जुन्नरहून कोकणात उतरताना नाणेघाटाच्या माथ्यावर एक लेणे लागते. आपल्यापैकी कित्येकजण ते पाहून आले असतील. त्याच्या भिंतींवर सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लेख आहे. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमाराचा. यज्ञांत किती गाई दिल्या, किती कार्षापण वाटले, याचा तो हिशेबच म्हणा ना!

आता गंमत पाहा. हा हिशेब मांडणाऱ्याजवळ शून्य नव्हते. एक ते नऊ यांच्या नऊ खुणा, दहा, वीस, तीस अशा नव्वदपर्यंत आणखी नऊ, शंभराची एक आणि हजाराची एक. झाल्या वीस. मग चारशे लिहावयाचे कसे? शंभराच्या खुणेपुढे चाराची खूण सुटी ठेवली तर एकशेचार. तीच शंभराच्या अंगाला जोडली, की चारशे! खुणा त्याच, फरक काय तो जोडण्याचा.

डोळ्यांना हा फरक दिसतो. पण गणकयंत्राला डोळे कुठले? ते प्रत्येक अक्षर एका क्रमांकाने ओळखते. सर्व लिप्यांना असे क्रमांक देणारी जी युनिकोड नावाची व्यवस्था, तीत ब्राह्मी २०१० साली आली. चाराला ६९७१७ क्रमांक मिळाला, शंभराला ६९७३२. पुढे स्थानमूल्याची पद्धत रूढ झाली, तिच्यासाठी शून्यासह दहा अंक वेगळे दिले. परंतु ६९७३२ आणि त्यामागून ६९७१७ एवढेच लिहिले, तर यंत्र एकशेचारच समजणार. चारशेचे काय?

प्रत्येक जोडअंकाला निराळा क्रमांक द्यावा, तर यादी वाढतच जायची. यावर तोड आपल्या ओळखीचीच निघाली. ‘क’ आणि ‘ष’ यांच्यामध्ये हलन्त घातला की ‘क्ष’ होतो, नाही का? तशीच अंकांसाठी एक जोडखूण २०१४ साली ठरली. तिचा क्रमांक ६९७५९. ती स्वतः दिसत नाही; पण शंभर आणि चार यांच्यामध्ये ठेवली, की अक्षरांचा ठसा जाणता असल्यास दोन्ही खुणा एकमेकींना चिकटतात आणि चारशे उमटतात.

एवढीशी खूण, म्हणाल. पण शिलालेखाची नक्कल उतरवताना ती राहून गेली, तर चारशेंचे दान एकशेचारांवर येईल. पुढचा अभ्यासक घाट चढून दगड पाहीलच असे नाही. तो नकलेवर विश्वास ठेवील. दोन हजार वर्षे दगडाने सांभाळलेला हिशेब आपल्या हातून चुकू नये, त्यासाठी ही न दिसणारी खूण!