सिंथिया फरार: अमेरिकेतून नगरला आलेल्या बाई

परवा एका शाळेत सावित्रीबाई फुल्यांवर बोलत होतो. एका मुलीने विचारलं, "पण त्यांना शिकवायला कोणी शिकवलं?" म्हणून ही पोस्ट.

सिंथिया फरार १८२७ मध्ये मिशनरी म्हणून मुंबईत उतरल्या. अविवाहित.

आधी मराठी शिकायची, मग मुलींना शाळेत धाडा म्हणून आईबापांची मनधरणी करायची. मुलगी जरा वाचू लागली की तिचं लग्न ठरे आणि शाळा सुटे. तब्येत ढासळल्याने त्या मायदेशी गेल्या, पण १८३९ मध्ये परत आल्या आणि नगरला (अहमदनगरला) राहिल्या.

नगरची त्यांची शाळा पाहून सावित्रीबाईंचे पती जोतीराव फुले भारावले. १८४८ मध्ये त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंनी नगरला फरारबाईंकडेच प्रशिक्षण घेतलं.

१८६२ मध्ये बाई नगरलाच वारल्या. पण त्यांच्या हाताखाली सावित्रीबाई घडल्या. परक्या मुलखात आयुष्य वेचणाऱ्याला याहून मोठं फळ कोणतं?