घर भाड्यानें देणाऱ्यांची जोखीम

मेहरूण हें एके काळीं तलावाचें आणि बोरांचें खेडें म्हणून खानदेशांत ओळखलें जाई. आज तें जळगांव शहरांतच सामावून गेलें आहे. वडिलांनीं बांधलेल्या घरांतील मुलें पुण्यामुंबईस नोकरीला गेलीं, खोल्या रिकाम्या पडल्या, आणि माडी किंवा मागील दोन खोल्या विद्यार्थ्यांस अथवा एखाद्या नोकरदार कुटुंबास देण्याचा परिपाठ पडला. भाडें किती घ्यावें, अनामत किती ठेवावी, याचा खल घरोघर होतो. परंतु बिऱ्हाडकरूचें मूल जिन्यावरून पडलें तर भरपाई कोणाकडे मागितली जाईल, हा प्रश्न सहसा कोणी काढीत नाहीं. अशुभ बोलूं नये, असाच बहुतेकांचा कल असतो.

आम्हांस तो प्रश्न उन्हाळा येण्यापूर्वींच काढावासा वाटतो. वैशाखांत येथें पारा पंचेचाळीस अंशांपर्यंत चढतो. रात्रीं सारें बिऱ्हाड गच्चीवर निजावयास जातें. दिवसां तेथेंच पापड-कुरडया वाळतात. जुनें धाबें जाऊन सिमेंटचा स्लॅब आला, पण पुष्कळ ठिकाणीं कठडा राहूनच गेला, किंवा आहे तो गुडघ्याइतका. कूलरचें तर विचारूंच नये! पत्र्याची पेटी, आंत पाणी, पाण्यांत पंप, खालीं ओली फरशी, आणि भिंतींतील सॉकेटला अर्थिंग नाहीं. कूलर बिऱ्हाडकरूचा, म्हणून मालक निर्धास्त असतो. पण भिंतींतील तारा व अर्थिंग हीं तर घराबरोबर भाड्यानें दिलेलीं आहेत. विजेची गळती होतांच प्रवाह तोडणारें तीस मिलिअँपिअरचें आर.सी.सी.बी. नांवाचें उपकरण मुख्य फलकांत बसवून घेण्यास बहुधा एका महिन्याच्या भाड्याहून कमीच खर्च येतो.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याच्या १४ व्या कलमान्वयें घर राहण्याजोगें दुरुस्त ठेवणें हें मालकाचें कर्तव्य आहे. त्यानें हयगय केल्यास भाडेकरू निदान पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊन स्वतः दुरुस्ती करूं शकतो व वर्षाच्या भाड्याच्या एक-चतुर्थांशापर्यंत रक्कम वळती करून घेऊं शकतो. याविरुद्ध करार करण्यास कायद्यांत जागा आहे. म्हणून कित्येक मालक ‘दुरुस्तीची व अपघाताची सर्व जबाबदारी राहणाराची’ असें एक वाक्य करारनाम्यांत घालून स्वस्थ होतात. हें स्वास्थ्य फसवें आहे. करार सही करणाऱ्या दोघांचा. दारीं आलेला पाहुणा, दूधवाला, सज्जाखालून जाणारा शाळकरी मुलगा, यांनीं त्यावर सही केलेली नसते.

इंग्लंडांत १९०६ सालीं याच्या उलट न्याय झाला होता. मालकानें दुरुस्तीचें वचन देऊनहि जमीन मोडकीच राहिली आणि भाडेकरूच्या पत्नीस इजा झाली. तरी करार पतीशीं झालेला, पत्नीशीं नव्हे, म्हणून तिला कांहीं मिळालें नाहीं. तो दंडक पुढें पार्लमेंटनें कायदे करून बदलला. आमच्याकडे दिल्लीच्या चांदणी चौकांतील घंटाघर कोसळून माणसें दगावलीं, तेव्हां त्यांच्या वारसांनीं तेथील नगरपालिकेवर दावे लावले. बांधकाम सुमारें ऐंशी वर्षांचें, आणि त्यांत वापरलेल्या चुन्याचें आयुष्य चाळीस-पंचेचाळीस वर्षांचें. सर्वोच्च न्यायालयानें १९६६ सालीं ठरविलें कीं, अशी इमारत कोसळणें हाच निष्काळजीपणाचा पुरावा होय. आणि रस्त्यालगतच्या इमारतीचा दोष बाहेरून दिसत नव्हता, ही सबब मालकास चालणार नाहीं. मेहरूणच्या गल्लींत रस्त्यावर झुकलेले जुने सज्जे आम्हीं पाहतों, तेव्हां हा निकाल आठवल्यावांचून राहत नाहीं.

मृत्यू घडल्यास वारसांना १८५५ च्या प्राणांतिक अपघात कायद्याखालीं दोन वर्षांच्या आंत दावा करतां येतो. शिवाय भारतीय न्याय संहितेच्या १०६ व्या कलमान्वयें निष्काळजीपणानें मृत्यू घडविणारास पांच वर्षांपर्यंत कारावास होऊं शकतो. जुन्या दंडसंहितेंत ही मर्यादा दोन वर्षांची होती. घर सामाईक असेल तर दावा एकट्या राहत्या भावावर थांबेल, असेंहि नाहीं. मिळकतपत्रिकेवर ज्यांचीं नांवें आहेत त्या सर्वांस प्रतिवादी करतां येतें, मग धाकटे बंधु परदेशीं कां असेनात.

तेव्हां करावें काय? करारनामा लेखी व नोंदलेला असावा. कलम ५५ प्रमाणें ती जबाबदारी मालकाचीच आहे. त्याच कायद्याचें कलम २८ मालकास आगाऊ सूचना देऊन योग्य वेळीं घर पाहण्याचा हक्क देतें. हा हक्क भाडें मागण्यापुरता नव्हे, कठडे हलवून पाहण्यासाठीं वापरावा! घराला तीस वर्षें झालीं असतील तर महानगरपालिकेच्या कायद्याप्रमाणें तेथें नोंदलेल्या अभियंत्याकडून बांधकाम तपासून दाखला द्यावा लागतो. गवंड्याची व वायरमनची पावती, तारखेसह छायाचित्रें, हें सारें एका जाड पाकिटांत ठेवावें. बिऱ्हाडकरूनें जिना हलतो म्हणून लेखी कळविलें असेल तर तें पत्र मात्र पाकिटांत निजवूं नये. दोष ठाऊक असून मालक बसून राहिला, हें दाखविण्यास वादीला तेवढेंच पुरतें.

विम्याविषयींहि एक गैरसमज आहे. १९९१ चा सार्वजनिक दायित्व विमा कायदा घातक रसायनें हाताळणाऱ्यांसाठीं आहे, घरवाल्यांसाठीं नव्हे. २०२१ पासून मिळणारी ‘भारत गृह रक्षा’ ही पॉलिसी मुख्यतः घर व आंतील सामान यांचें नुकसान भरून देते. परक्या माणसाच्या इजेची जोखीम हवी असल्यास ती विमा कंपनीकडून निराळी मागून घ्यावी, आणि खोल्या भाड्यानें दिल्या आहेत हें प्रस्तावपत्रांत स्पष्ट लिहावें.